एकत्र राहण्याचा दंड



वृद्ध आणि अपंग माणसांनी एका छपराखाली मिळून राहावे, ही कल्पना ऐकताक्षणी कोणालाही पटते. एकाचे डोळे अधू, दुसऱ्याचे गुडघे. एकाला जिना चढवत नाही, दुसऱ्याला आलेले पत्र वाचता येत नाही. दोघे मिळून एक संसार नीट चालू शकतो, शिवाय भाडेही विभागले जाते. तेव्हा सरकारने अशा सहनिवासाला हातभार लावावा, यात वाद कसला? वाद आहे, आणि तो समजून घ्यायचा तर अमेरिकेतील अनुदानित घरांची कथा पाहिली पाहिजे. त्या संपन्न देशाने ही कल्पना कायद्यात आणली आणि आपल्याच इतर कायद्यांनी तिचा गळाही आवळला.

१९३७ च्या कायद्याने तेथे सार्वजनिक घरांना प्रारंभ झाला. ती घरे ‘कुटुंबा’साठी होती, एकटा वृद्ध हा कायद्याच्या लेखी कुटुंब नव्हता. त्याला दार उघडले ते १९५६ मध्ये. १९५९ च्या कायद्यातील कलम २०२ अन्वये वृद्धांसाठी घरे बांधणाऱ्या ना-नफा संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागले. पुढे अपंगांचा समावेशही ‘वृद्ध कुटुंब’ या व्याख्येतच झाला. ही मोठी सोयीची व्याख्या होती, पण ती सोय कारकुनांची. पंचाहत्तरीची विधवा आणि पंचविशीतला अपंग तरुण एकाच इमारतीत शेजारी झाले. त्यांनी एकमेकांना निवडले नव्हते. तक्रारी वाढल्या, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने काही इमारती केवळ वृद्धांसाठी राखून ठेवण्याची मुभा दिली. तरुण अपंगांच्या वाट्याची घरे तेवढी घटली.

खरे वर्ष मात्र १९८३ हे आहे. रेगन अध्यक्ष होते. अनुदानित घरातील भाडेकरूने उत्पन्नाचा किती हिस्सा भाड्यापोटी द्यावा, हे प्रमाण १९६९ च्या दुरुस्तीनुसार २५ टक्के होते. १९८१ मध्येच ते ३० टक्क्यांवर नेण्यात आले होते. १९८३ च्या कायद्याने वृद्ध व अपंग व्यक्तींना एकाच घरात वाटणीने राहून भाडे-अनुदान घेण्याची परवानगी दिली. त्याचा हिशेब सरळ आहे. घरात चार शयनगृहे असतील आणि एकजण त्यांपैकी एकात राहत असेल, तर भाड्याचा चौथा हिस्सा त्याचा धरायचा आणि त्यावर अनुदान द्यायचे. स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर सामायिक. ही तरतूद चांगलीच होती. पण त्याच कायद्याने, कलम २०२ खालील घरे तेवढी वगळून, अनुदानित नवी घरे बांधवून घेण्याची योजना मोडीत काढली. एका हाताने बांधकाम थांबवायचे आणि दुसऱ्या हाताने ‘आहे त्यात वाटून राहा’ असे सांगायचे, असा हा व्यवहार होता. आजही त्या देशात घरासाठीच्या मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याच्या वाटून राहण्याला सहजीवन म्हणणे ही भाषेची चैन आहे. गिरणगावातल्या एकेका खोलीत पाळीपाळीने पथाऱ्या टाकणारे कामगार काही सहजीवनाच्या ओढीने तेथे राहत नव्हते.

तरीही बचतीचा हा युक्तिवाद प्रामाणिक आहे असे घटकाभर मानू. मग जो मिळून राहील त्याला बचतीचा लाभ मिळायला हवा. प्रत्यक्षात तो कोणाच्या खिशात जातो?

निर्धन वृद्ध व अपंगांसाठी तेथे १९७४ पासून ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ ही वृत्ती आहे. जो दुसऱ्याच्या घरात राहतो आणि तेथील खर्चाचा आपला वाटा उचलू शकत नाही, त्याची मूळ वृत्ती एक-तृतीयांशाने कापली जाऊ शकते. म्हणजे ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्याच्यावरच कात्री. दोन वृत्तिधारकांनी विवाह केला तर त्यांना दोघांची नव्हे, दीडपट रक्कम मिळते. २०२५ मध्ये एकट्याला महिना ९६७ डॉलर होते. दोघांचे १९३४ व्हायचे, पण दांपत्य म्हणून मिळत १४५०. सप्तपदीचा हा दंड दरमहा ४८४ डॉलर! बचत करावी तर एकट्याजवळ २००० डॉलरहून अधिक पुंजी साठता कामा नये. राहते घर वगैरे यातून वगळले आहे, पण ही मर्यादा १९८९ पासून जागची हललेली नाही. आणि अन्न-कुपनांच्या योजनेत तर जे एकत्र बाजार करतात आणि एकत्र रांधतात ते एक कुटुंब, हाच नियम. वृद्ध असून कायमच्या अपंगत्वामुळे स्वतः रांधू न शकणाऱ्यांसाठी एक चिंचोळा अपवाद आहे, इतकेच. मराठीत घर फुटले की वेगळी चूल मांडली असे म्हणतात. तेथे शेजारणीने ताटलीभर जेवण रोज दिले तर चूल कोणाची, हे कचेरीत सिद्ध करावे लागते.

शेजाऱ्यांच्या विरोधाचाही उल्लेख केला पाहिजे. नात्यागोत्याच्या नसलेल्या दोहोंपेक्षा अधिक माणसांना एका घरात राहण्यास बंदी करणारा बेल टेर या गावाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये उचलून धरला. १९८५ मध्ये टेक्सासमधील क्लेबर्न येथे मतिमंद व्यक्तींच्या सामूहिक घराला नाकारलेली परवानगी त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, आणि १९८८ च्या दुरुस्तीने अपंगांना घरांबाबतच्या भेदभावापासून संरक्षण मिळाले.

या सगळ्यातून काही माणसांनी वाट काढलीच. मॅगी कून यांना १९७० मध्ये पासष्टी गाठली म्हणून सक्तीने निवृत्त करण्यात आले, तेव्हा त्यांनी ‘ग्रे पँथर्स’ ही संघटना उभी केली. फिलाडेल्फियातील आपल्या घरात त्या तरुण माणसांसह राहत, आणि १९८० मध्ये त्यांनी सहनिवासाला साह्य करणारे राष्ट्रीय केंद्रही काढले. एड रॉबर्ट्स हे पोलिओने पंगू झालेले. १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात आले तेव्हा त्यांचे श्वसनयंत्र मावेल असे वसतिगृह मिळेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांची राहण्याची सोय झाली. मागून आणखी अपंग विद्यार्थी तेथे आले. एकत्र राहता राहता त्यांना उमगले की आपण रुग्ण नाही, आपण एक गट आहोत. त्या चळवळीतून १९७२ मध्ये बर्कलीचे स्वतंत्र जीवन केंद्र जन्माला आले. त्याची सूत्रे अपंगांच्याच हाती होती. कोणाबरोबर राहायचे, मदतनीस कोण, दार केव्हा लावायचे, हे राहणाऱ्यांनी ठरवायचे होते. अनुदानाच्या नियमांत खोल्यांची मोजणी आहे. या अधिकाराची नाही.

वृत्तीच्या नियमात ३० सप्टेंबर २०२४ पासून एक बदल झाला. दुसऱ्याने दिलेले अन्न आता उत्पन्नात धरले जात नाही, म्हणजे निदान शेजारणीच्या त्या ताटलीची चौकशी वृत्तीच्या कचेरीत थांबली. दिलेला निवारा मात्र अजूनही मोजला जातो, आणि विवाहित जोडप्याची दीडपट तशीच आहे.