पुड्यावर छापलेला परोपकार

(कोपर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा भाग)



एका कंपनीने आपल्याला कळविले आहे की, कोपरमधील घरांनी तिचा माल घेतला, तर विक्रीचा काही हिस्सा ती येथील अभ्यासिकेला देईल. मात्र घरोघर जाऊन माल पटवून द्यायचा तो आपल्या कार्यकर्त्यांनी. खालून मुख्य मार्गाची आणि वरून दिवा-वसईची गाडी जाणाऱ्या या स्थानकाच्या आसपास एका खोलीतले संसार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘घ्या की ते पैसे!’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना मी भाबडे म्हणणार नाही.

ही पद्धत नवी नव्हे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २००५ साली ‘शिक्षा’ मोहीम सुरू केली. मालाच्या विक्रीतील काही भाग मुलांच्या शिक्षणासाठी, हे तिचे सूत्र. आयटीसीने आपल्या ‘क्लासमेट’ वह्यांबाबत चार वह्यांमागे एक रुपया समाजकार्याला, असे जाहीर केले होते. म्हणजे वहीमागे २५ पैसे. आणि कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा सिगारेटचा! अशा मोहिमांतून काहीच झाले नाही, असे कोणी म्हणू नये. शाळांना मदत पोचली आहे. आपला आक्षेप निराळा आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम पाहा. ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक असले तरी कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चिली पाहिजे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. मग पुड्यामागे दिला जाणारा पैसा या २ टक्क्यांतला, की त्यावरचा? पुड्यावर ते छापलेले नसते. आतलाच असेल, तर गृहिणीने पुडा घेवो न घेवो, तो खर्च व्हायचाच होता. कायद्याने देणे असलेल्या रकमेवर जाहिरात तेवढी फुकट मिळाली, आणि पुण्य केल्याचे समाधान गिऱ्हाइकाच्या पदरात!

दुसरे असे की, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा २००९ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तो साबणाच्या खपाला बांधला, तर खप घटल्यावर मुलाने कोणाकडे दाद मागावी? शासनाकडे मोर्चा नेता येतो. कंपनीच्या विक्रीखात्याकडे कोणत्या अधिकाराने नेणार? आणि या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ व २०२४ साली स्फोट होऊन कामगार दगावले, हे आपण विसरलेलो नाही. कारखान्याची सामाजिक जबाबदारी आधी त्याच्या भिंतींच्या आत असते. कामगाराचे वेतन आणि सुरक्षितता यांविषयी एक ओळही मी कोणत्या पुड्यावर वाचलेली नाही.

खरेदीतून समाजाचे भले होऊ शकते, पण नफा कोणाचा आणि निर्णय कोणाचा, यावर ते ठरते. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ पापडाचे काम सुरू केले. तेथे पापड लाटणारी भगिनीच संस्थेची मालक आहे. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत उभ्या राहिलेल्या ग्राहक सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ वाढला. पुढे त्याला उतरती कळा लागली, हेही सांगितले पाहिजे. सहकाराचे नाव घेतल्याने दुकान चालत नाही, त्याला चोख हिशेब आणि वेळेवर माल लागतो. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे गट बांधून सामूहिक खरेदी चालविली, ती पुड्यावरच्या दानाशिवायच.

म्हणून कंपनीला माझे उत्तर असे राहील: अभ्यासिकेला देणगी द्यावयाची तर खपाची अट न घालता, रक्कम आधी लेखी सांगून द्या, ती २ टक्क्यांतली आहे की वेगळी, तेही लिहा, भिंतीवर मालाची जाहिरात लागणार नाही. हे मान्य असेल तर पैसे घेण्यास माझी हरकत नाही. आमचे कार्यकर्ते मात्र तुमचे विक्रेते होणार नाहीत. हे पत्र या आठवड्यात जावे, आणि अभ्यासिकेच्या जागेसाठी कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे करावयाचा अर्ज त्याच्या आधी जावा.