कागदावर संपलेला महारोग

(पुण्याच्या मार्केट यार्डात, हमाल भवनात एक सभा झाली. कुष्ठरोगाच्या संशोधनाला पैसा थोडा आहे, तो आधी कशावर लावायचा, असा विषय होता. डॉक्टर, विद्यार्थी, संघटनांची माणसं आली होती. आपल्या संघटनेकडून आम्ही दोघं गेलो. तिथं जे बोललो ते पाड्यापाड्यात वाचून दाखवायला इथं देत आहोत. स्टेन्सिलवर जागा कमी म्हणून थोडं कापलंय.)



आम्ही सकाळी स्वारगेटला एसटीतून उतरलो आणि चालत इथं आलो. गाळ्यांवर पोती उतरत होती. हमाल भावांनी आम्हाला 'कष्टाची भाकर'मध्ये नेलं. तव्यावरची भाकर हातात घेतली तर बोटं पोळली, आम्ही ती पटकन ताटलीत टाकली. पोळलं हे कळणं किती मोठी गोष्ट आहे, तेच सांगायला आम्ही आलो आहोत.

आमच्या पाड्यावर एक काका आहे. त्याचं नाव सांगत नाही, त्याला विचारलेलं नाही. २००३ साली त्याच्या पाठीवर फिकट चट्टा आला. खाज नाही, दुखणं नाही. आमच्याकडे जे दुखत नाही त्याच्यासाठी कुणी दिवस मोडत नाही. एकदा बाजाराला गेला तेव्हा दवाखान्यात दाखवलं. खाजेचं मलम मिळालं. चट्ट्याला कापूस लावून 'कळतं का' असं कुणी विचारलं नाही. मग कोपरात कळ मारायला लागली, ताप आला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलं. चुलीतलं लाकूड सरकवताना हात भाजला, तेव्हा काकीला वास आल्यावर कळलं. त्याला नाही कळलं.

गोळ्या मिळाल्या, बारा महिने खाल्ल्या, जंतू मेले. पण नस परत आली नाही.

इथं डॉक्टर बसलेत, आमचं काही चुकलं तर सांगा. हा जंतू फार सावकाश वाढतो. अंगात शिरल्यावर खूण दिसायला पाच वर्षं लागतात, कधी वीसही. बहुतेक माणसांना तो काहीच करत नाही, अंग त्याला आवरतं. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसात रोग पसरायचा थांबतो. हे सगळं चांगलंच आहे. पण नस सुजली तर तेव्हाच, पहिल्या काही महिन्यांत, सूज उतरवणारं औषध पोचलं तर बोटं वाचतात. उशीर झाला तर जगातल्या कुठल्या दवाखान्यात ती नस परत मिळत नाही. म्हणजे काकाची बोटं जंतूनं थोडी आणि उशिरानं जास्त नेली.

आता कागदाची गोष्ट. १९९१ साली जगातल्या सरकारांनी ठरवलं की दहा हजार माणसांमागे एकापेक्षा कमी रुग्ण राहिले की या रोगाचा प्रश्न सुटला म्हणायचं. रुग्ण कोण? ज्याच्या गोळ्या चालू आहेत तो. सहा महिन्यांचा किंवा बारा महिन्यांचा डोस संपला की नाव वहीतून कमी. १९९८च्या सुमारास मोठ्या डोसाची मुदत चोवीस महिन्यांवरून बारावर आली. औषधाच्या हिशोबानं त्याला कारण असेल, पण वहीतली माणसं त्यानं आपोआप घटली. बोटं वाकली, पायाला जखम आहे, पण गोळ्या संपल्यात, असा माणूस त्या आकड्यात नाही. अशा मोजणीनं भारतानं डिसेंबर २००५ मध्ये ती रेघ ओलांडली. त्याच वर्षांच्या आसपास घरोघर फिरून चट्टे तपासणारे कर्मचारी दवाखान्याच्या सर्वसाधारण कामात मिसळून टाकले. रोग्यानं मग आपणहून यायचं. आणि रोग संपलाय म्हटल्यावर संशोधनाला पैसा कोण मागणार, कोण देणार?

तरी दरवर्षी देशात लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. जगातले निम्म्याहून जास्त आपलेच.

आम्हाला हे ऐकून नवल वाटलं नाही. जंगल खात्याच्या नकाशात आमचे पाडे नाहीत, म्हणून आम्ही तिथं नाही, हे आम्ही आजापासून ऐकतोय. वनहक्काच्या कायद्यात तारीख कोणती आहे? १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी जमीन ताब्यात होती असं दाखवलं तर दावा. तोच महिना, तेच वर्ष. एका कागदानं काकाचा रोग संपला, दुसऱ्या कागदावर त्याची जमीन यायला हवी होती. ती आली नाही. का, ते पुढं सांगतो. त्यात सरकारचा दोष कमी आणि आमचा जास्त आहे.

आधी संशोधनाचं. आम्ही बारावी शिकलेलो, प्रयोगशाळा फक्त चित्रात पाहिली. पण संशोधन नको असं म्हणायला आम्ही आलेलो नाही. हान्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरनं १८७३ मध्ये हा जंतू पाहिला आणि अजून तो काचेच्या बशीत वाढत नाही. उंदराच्या पंजात वाढवतात, नाहीतर आर्माडिलोत. आर्माडिलो म्हणजे आपल्या खवल्या मांजरासारखं कवच असलेलं अमेरिकेतलं जनावर. (हे वाचून आम्ही खूप हसलो होतो. एवढ्या जनावरांतून तेच कसं सापडलं? त्याचं अंग थंड असतं म्हणून. जंतूला गारवा लागतो, म्हणून तो आपल्यातही कान, बोटं, कातडी धरतो.) २००१ मध्ये जंतूची सगळी जनुकं वाचून झाली. मोठं काम आहे, आम्ही मान देतो.

तुमच्या पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, १९५८च्या सुमारास, रोग्याच्या अंगातून एक जंतू सोबत्यांबरोबर वाढवला. तो कुष्ठाचाच की त्याचा भाऊबंद, यावर वाद झाला. पण त्याच्यावरून मुंबईत लस तयार झाली. तामिळनाडूत लाखाहून जास्त लोकांवर तिची आणि दुसऱ्या लशींची परीक्षा झाली. १९९८ मध्ये निकाल आला, या लशीनं सुमारे ६५ टक्के बचाव केला. मग? आमच्या कुणाच्या दंडात ती आलेली नाही. शोध लागणं आणि शोध पाड्यावर पोचणं यांच्यामधे जो डोंगर आहे, त्याच्यावर कुणी पैसा लावत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की तिथं आधी लावा.

आशाताईला पाड्यावर, वीज नसताना, नस सुजलीय हे कळेल अशी तपासणी शोधा. शहरातल्या मशीनला जाऊन यायला आमचे दोन दिवसांचे रोज बुडतात. बांगलादेशात रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना एका औषधाचा एकच डोस देऊन पाहिला. २००८ साली छापून आलं की पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण निम्म्याहून कमी झाले. आमच्या पाड्यात शेजारी म्हणजे कोण, ते आम्हाला विचारून इथं करून पाहा. वीटभट्टीवर सहा महिने जो एका झोपडीत राहतो तो शेजारी, की गावातला? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणार नाही. चप्पल घ्या. बधिर पायाला मऊ रबराची चप्पल देतात, डांबरी रस्त्यावर ती बरी. चिखलात, लावणीत, कातळावर महिनाभरात तुटते. आमच्या पायाची, आमच्या वाटेची चप्पल बनवणं हे संशोधन नाही का? कुणाला त्यावर पदवी मिळणार नाही, म्हणून होत नाही, असं आम्हाला वाटतं. आणि गोळ्या संपलेल्या माणसांची मोजणी करा. हे तर सगळ्यात स्वस्त काम आहे.

आता आमचा दोष.

काकाला आम्हीच माळावर खोपट बांधून दिलं. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. 'पोरं लहान आहेत' म्हटलं आणि बांधलं. गोळ्या संपल्या, तरी परत बोलावलं नाही. वनहक्काचे फॉर्म भरले तेव्हा त्याच्या प्लॉटचा दावा भावाच्या नावावर टाकायचं ठरलं, कारण 'त्याला आता विळा धरवत नाही'. त्या बैठकीत आम्हीही होतो. आम्हीच फॉर्म लिहीत होतो, अक्षर चांगलं म्हणून. २००५च्या पावसाळ्यात त्या प्लॉटमध्ये नागली काकानं लावलेली, वाकल्या बोटांनी, हे सगळ्या पाड्याला माहीत आहे. डिसेंबरात कापणी झालेली होती. मग १३ डिसेंबरला जमीन कुणाच्या ताब्यात होती? जंगल खात्यानं असं केलं असतं तर आम्ही मोर्चा काढला असता.

एवढं तिथं बोललो. एक हमाल भाऊ नंतर बाजूला घेऊन विचारत होते, खांद्यावर चट्टा आहे, पोत्यानं घासून झाला असेल ना? त्यांना आम्ही तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. पुढं कोंढव्याला डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय आहे, तिथली चिठ्ठी घेतली.

आता गावासाठी. काकाला विचारलं. तो म्हणाला, माझी नागली, माझं नाव लिवा. पुढच्या ग्रामसभेत दावा दुरुस्त करायचा ठराव येईल. म्हाताऱ्या माणसांचे जबाब पुरावा म्हणून चालतात, तेव्हा ज्यांनी त्याला नागली लावताना पाहिलं त्यांनी अंगठा द्यायला यावं. वही समितीकडे आहे. आपापल्या पाड्यात असा आणखी कुणी माळावर राहत असेल तर त्याचा फॉर्म कुणाच्या नावावर आहे तेही बघून या. काकाला सभेला आणायला दोघं लागतील. उतारावर त्याच्या पायात चप्पल टिकत नाही.