बियाण्याचा पहिला बिछाना

टोमॅटो, मिरची, वांग्याचं बी रुजवायला बरेच जण कुंडीतली जुनी काळी मातीच घेतात. ती भिजली की चिकट, वाळली की दगड. कोवळा कोंब तिथे गुदमरतो. त्यात मातीतली बुरशी लागली, तर काल तरारलेलं रोप आज बुडाशी काळं पडून आडवं होतं. बघवत नाही ते.

म्हणून रोपवाटिकावाले कोकोपीट वापरतात, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मात्र विटेतलं कोकोपीट तसंच वापरू नका, त्यात क्षार असू शकतात. भिजवा, दोन-तीनदा पाणी बदलून धुवा. मग मूठभर घेऊन आवळा. एखाद-दुसराच थेंब निथळला आणि मूठ उघडल्यावर गोळा बोट लावताच फुटला, की ओल बेताची आहे.

कोकोपीटात अन्न जवळजवळ नसतंच. बियाला सुरुवातीला ते लागतही नाही, त्याची शिदोरी त्याच्यापाशी असते. पण खरी पानं फुटली की भूक लागते. म्हणून मी तीन भाग कोकोपीटात एक भाग चाळलेलं गांडूळखत आधीच मिसळते. भेंडी, काकडी मात्र थेट जागेवरच टोका. त्यांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत.