स्वमग्नता : दोष आईचा नव्हे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)

मंडळींनो, मूल नजरेला नजर देत नाही, की बोट आईकडे वळते. एकेकाळी डॉक्टरही आईच्या थंडपणाला दोष देत. १९७७ मध्ये फोल्स्टीन आणि रटर यांचा ब्रिटनमधील जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीत किमान एक मूल स्वमग्न होते. एकबीज ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. द्विबीज १० जोड्यांत एकाही नाही. मूळ आनुवंशिकतेत दिसले. २०२० च्या संशोधनात ३५,५८४ जणांच्या तपासणीतून १०२ जनुके पुढे आली. काही बदल तर आई-वडिलांत नसतातच, मुलात नव्याने घडतात. तेव्हा ‘हे कोणाच्या घराण्यातून आले?’ हा प्रश्न सोडा. आरतीला असे मूल कान झाकून उभे दिसले, तर ढोल जरा दूर न्या आणि त्याच्या आईला सन्मानाने पुढे बोलवा.

गणपती बाप्पा मोरया!