शाळेचा जुना कॉम्प्युटर, आपला कट्टा आणि त्याच्या चाव्या

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी मला बजावलंय, 'फार तांत्रिक बोलू नका.' मागच्या बाकावरून दोघांनी निरोप पाठवलाय, 'तांत्रिकच बोला.' मागचा बाक शाळेत असतानाही ऐकायचा नाही, आताही ऐकणार नाही, तेव्हा मधला रस्ता काढतो.

तुमच्यापैकी कित्येकांनी आपल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून पहिल्यांदा माउस हातात धरला. एका मशीनवर तिघं बसायचे, पेंटमध्ये डोंगर, सूर्य आणि माडाचं झाड काढायचे. ती मशीन भंगारात निघाली तेव्हा मी चार सीपीयू मागून घेतले. तीन कायमचे मेलेले होते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वर आलेले, खारी हवा लागून स्क्रू गंजलेले, एकात तर मुंग्यांनी संसार थाटलेला. चौथा मात्र धुगधुगी धरून होता. पेंटियम थ्री, ६०० मेगाहर्ट्झ. तिन्ही मेलेल्यांची रॅम काढून चौथ्यात घातली, ती ५१२ एमबी भरली. हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली होती, म्हणून ती काढून जुन्या कॅमेऱ्यात असतं तसं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावलं. हे कार्ड आणि जुनी आयडीई हार्ड डिस्क एकच भाषा बोलतात, मध्ये एक छोटी पट्टी लावली की काम होतं. या कॉम्प्युटरवर आपला कट्टा चालतो. माझ्या चौलच्या घराच्या पडवीत, भिंतीतल्या कोनाड्यात.

कट्टा म्हणजे काय, हे ज्यांनी अजून खातं काढलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फेसबुक-ट्विटरसारखंच लिहायचं, फोटो टाकायचे, एकमेकांना उत्तरं द्यायची. फरक एवढाच, की ते सगळं अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीच्या गोदामात न राहता त्या कोनाड्यात राहतं. आणि तरीही कट्टा एकटा नाही. जगभर असे हजारो छोटे सर्व्हर आहेत आणि ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका ठरलेल्या रीतीने एकमेकांशी टपाल देवघेव करतात. ही रीत २०१८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. मॅस्टोडॉनचं नाव तुम्ही ऐकलं असेल, नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी तिकडे खाती काढली होती. आपल्या कट्ट्यावरून तिथल्या माणसाला पत्र जातं आणि त्याचं उत्तर येतं.

मॅस्टोडॉन आपल्या म्हाताऱ्याला झेपणार नव्हता. त्याला मोठा डेटाबेस लागतो, मेमरी लागते. म्हणून स्नॅक नावाचा प्रोग्राम घेतला. तो सी भाषेत लिहिलेला, अगदी काटक. खाली नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, जी १९९३ पासून स्वयंसेवक सांभाळत आलेत आणि जुन्या मशीनला हाकलून देत नाहीत. स्नॅकमध्ये डेटाबेसच नाही. तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट एक साधी मजकूर फाइल म्हणून फोल्डरमध्ये पडते. हे मला सगळ्यांत जास्त आवडलं, आणि त्याचं कारण शाळेच्याच कपाटात सापडलं. जुन्या स्मरणिकेच्या फ्लॉपी आहेत तिथे. त्यातली एक अजून वाचता येते, पण मजकूर तेव्हाच्या कुठल्याशा फॉन्टात टाइप केलेला, तो फॉन्ट आज कुणाकडे नाही. उघडली की सरांचं मनोगत म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. कट्ट्यावरचं मराठी युनिकोडमध्ये आहे. वीस वर्षांनी हा प्रोग्राम राहो न राहो, ती फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल आणि 'क' हा 'क'च दिसेल.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. तुमच्या खिशातला फोन या मशीनपेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान आहे, मग हा खटाटोप कशाला? विजेच्या हिशोबाने बघाल तर हा शहाणपणा नाही, हे आधीच सांगतो. मीटर लावून मोजलं, मशीन साधारण ४५ वॅट खातं. दिवसाला एक युनिटच्या जरा वर, महिन्याला बत्तीस-तेहतीस युनिट. तळहाताएवढा रास्पबेरी पाय आणला तर तेच काम याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी विजेत होईल. पण याचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उघडतं. बिघडलं तर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं, सुटा भाग बदलता येतो. आठवीतल्या मुलांना समोर बसवून दाखवता येतं, की 'क्लाउड, क्लाउड' म्हणतात तो आकाशात नसतो, असा कुणाच्या तरी पडवीत घरघरत असतो.

आणि आपल्या किनाऱ्याची एक गंमत सांगतो. पावसाळ्यात हे मशीन बंद ठेवणं जास्त धोक्याचं आहे. चालू असलं की स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, बंद ठेवलं की आठ दिवसांत बुरशीचा वास. फक्त मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून वीज आत यायची आणि मोडेम जळायचे. आता इंटरनेट काचेच्या तंतूतून येतं, काचेतून वीज येत नाही, तेवढी एक काळजी मिटली.

घरच्या इंटरनेटला बाहेरून सापडेल असा स्वतःचा पत्ता सहसा मिळत नाही. म्हणून मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये थोड्या भाड्याने आपण नुसता दरवाजा घेतलाय. टपाल तिथे येतं आणि बंद नळीतून चौलला पोचतं. सामान मात्र तिथे काही ठेवत नाही.

निसर्ग वादळाबद्दल मला बरेच जण विचारतात. ३ जून २०२० ला ते आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मुरूड-श्रीवर्धनकडच्या वाड्यांमधल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, वीज गेली, फोन गेले, आणि मुंबई-पुण्यातली, आखातातली आपली पोरं आईवडिलांची खुशाली कळेना म्हणून रात्र रात्र जागी होती. तेव्हा हा कट्टा असता तर उपयोग झाला असता का? नसता झाला. माझ्या घरी वीज नाही म्हणजे कट्टाही नाही. इन्व्हर्टर चार-सहा तास तग धरेल, पुढे काय? संकटात ही चीज कामाला येईल असं मी कुणालाही सांगणार नाही. एवढंच, की आपला सर्व्हर झोपलेला असताना बाहेरचे सर्व्हर टपाल फेकून देत नाहीत, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवतात. मॅस्टोडॉन तर वेगवेगळ्या सात दिवशी दार बंद सापडलं, की मगच तो नाद सोडतो.

मग उपयोग कशाचा? माझ्या मते, जपून ठेवण्याचा. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. दुकान त्यांचं, त्यांनी बंद केलं, यात रागावण्यासारखं काही नाही. आपल्याही बॅचचा कट्टा एके काळी अशाच एका ठिकाणी होता, नाव घेत नाही. आपल्यातला एक जण आता नाही. त्याने तिथे गणिताच्या सरांच्या तासावर लांबलचक लिहिलं होतं. सगळे हसून हसून लोळलो होतो. ते आज कुणाकडे नाही. मी त्याच्या मुलीला तोंडी सांगायचा प्रयत्न केला, पण तो लिहायचा तसं मला सांगता येत नाही.

नोंद जपायची म्हणजे काय करायचं, हे शिकायला आपल्याला लांब जावं लागत नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिली आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून या नोंदी चालू होत्या. विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा तिथली सूक्ष्म यंत्रं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली, चुंबकाला चाळवणार नाही असं सामान वापरून. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे आकडे जुळतात का ते कळावं. १८५९ च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौर वादळ कुलाब्यात डोळ्यांनी वाचून हाताने लिहून ठेवलं गेलं, आणि दीडशे वर्षांनीही जगातले शास्त्रज्ञ त्या वह्या धुंडाळतात. आपल्या कोनाड्यातलं मशीन कधीतरी मरणारच. त्याआधी दुसरं उभं करून काही महिने दोन्ही सोबत चालवायची, असं मी ठरवलंय. पाठ आपल्याच गावातला आहे.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो ते सांगतो. कट्ट्यावर तुम्ही एकमेकांना जे खासगी लिहिता ते कुलूपबंद नसतं. सर्व्हर ज्याच्या घरी आहे तो ते वाचू शकतो. म्हणजे मी. मी वाचत नाही, पण वाचू शकतो, आणि हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. घरातल्या आजारपणाचं, जमिनीच्या वाटणीचं, मुलीच्या स्थळाचं तिथे लिहू नका, त्याला फोन आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण तिथे माणूस दिसत नाही. इथे दिसतो, दर गणपतीत भेटतो, म्हणून विचारणं सोपं आहे.

दुसरं, पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात आहे. माझं वय बघा. उद्या मला काही झालं तर घरचे बिचारे तो डबा पहिल्या फेरीत भंगारवाल्याला देतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मला दोन माणसं हवी आहेत. एक इथेच राहणारं, जे वीज गेली तर सायकलवर येऊ शकेल. दुसरं बाहेरगावचं, ज्याच्याकडे दर रविवारी सगळ्या फाइलींची नक्कल जाईल. एक मुलगी असावी आणि एक जण २००५ नंतरच्या बॅचचा असावा असं मला वाटतं, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा हेच भाषण करावं लागेल, आणि तेव्हा ते करायला मी नसेन. कॉम्प्युटरचं शिक्षण नसलं तरी चालेल. शिकायला चार रविवार लागतात. भांडणं सोडवायचा स्वभाव हवा, कारण निवडणुकीच्या दिवसांत कुणाची पोस्ट ठेवायची आणि कुणाला समजवायचं हे मशीन ठरवत नाही. गेल्या वेळी मीच ठरवलं आणि दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यातला एक समोरच बसलाय.

मशीन आज मी सोबत आणलंय. वर प्रयोगशाळेत झाकण काढून ठेवलंय, म्हणून सकाळपासून कट्टा बंद आहे आणि टपाल बाहेर ताटकळतंय. जेवणं झाली की या, हात लावून बघा. ज्यांना चाव्या घ्यायच्या असतील त्यांनी तिथेच वहीत नाव लिहा. मी चारपर्यंत आहे. त्यानंतर मशीन घरी नेऊन लावायचंय, आणि संध्याकाळी पाऊस आहे असं म्हणतात.