इंजिनचं कव्हर घरी रंगवायचंय? मग आधी जुना रंग नीट काढा

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा एपिसोड गाडीवाल्यांसाठी. मोटरसायकलच्या इंजिनची ॲल्युमिनियमची कव्हरं घरच्या घरी कशी सोलायची आणि परत कशी रंगवायची. सोलायची म्हणजे जुना रंग धातूपर्यंत पूर्ण काढायचा. मी दिवसा कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी गच्चीत बसून हे उद्योग करतो. त्यामुळे आज पुस्तकी कमी आणि हात काळे करण्याबद्दल जास्त बोलू.

तुमच्याकडे आठ-दहा वर्षं जुनी गाडी असेल, स्प्लेंडर म्हणा, पल्सर म्हणा, तर एकदा खाली जाऊन इंजिन नीट बघा. गिअरजवळ जिथे बूट घासतो तिथला रंग गेलेला असेल. कव्हरच्या खालच्या कडेला पापुद्रे सुटलेले असतील आणि त्याखाली पांढरी भुकटी दिसेल. कोकणात, मुंबईत, गोव्यात, जिथे हवा खारी आहे तिथे हे लवकर होतं.

आता ९० टक्के लोक काय करतात? कापडाने पुसतात, सिल्व्हर स्प्रेचा डबा आणतात आणि फुस्स. फोटो मस्त येतो. पहिला पावसाळा संपला की परत पापुद्रे.

हे का होतं? रस्त्यावरचा खडा उडतो, रंगाला बारीक टवका जातो. त्यातून पाणी आणि मीठ आत शिरतं आणि धातू खायला लागतं. पण ते सरळ खाली जात नाही, रंगाच्या खालून आडवं पसरतं, किड्याने लाकूड पोखरावं तशा नागमोडी रेषा काढत. म्हणजे वरून शाबूत दिसणारा रंगही आतून सुटलेला असू शकतो. त्याच्यावर नवा रंग मारला, की तो धातूला नाही, त्या सुटलेल्या थराला चिकटतो. जुना गेला की त्याच्यासोबत नवाही जातो. म्हणून स्प्रे हे शेवटच्या पंधरा मिनिटांचं काम. खरं काम त्याच्या आधीचं.

हे नक्की काय खातं?

रंग काढायची कोणतीही पद्धत कोणी सांगितली, की मी एकच प्रश्न विचारतो: हे रंग खातं, धातू खातं, की मला खातं? तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, कॉस्टिक सोडा. तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर बऱ्याचदा हीच असते. "लोखंडाचा रंग यात भिजवला की सुटतो" हे खरं आहे, पण लोखंडासाठी. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं. पाणी तापतं, फसफसतं आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तो पेटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग करणं म्हणजे कव्हर तर जाणारच, सोबत डोळे आणि चेहराही पणाला लागणार. टॉयलेट क्लीनरमधल्या ॲसिडचीही तीच कथा. त्याचा क्लोराईड धातूच्या बारीक छिद्रांत राहतो आणि नंतर रंगाखाली परत गंज सुरू करतो. ही दोन्ही धातू खातात. यादीतून बाद.

दुसरं, जुन्या पद्धतीचे पेंट रिमूव्हर. डब्यावर मिथिलीन क्लोराईड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलंय का बघा. हे रंग झटक्यात काढतं, ॲल्युमिनियमलाही सहसा काही करत नाही. पण ते तुम्हाला खातं. ४० अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारी त्याची वाफ व्हायला काही लागत नाही. ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसलेल्या माणसाच्या नाकाशीच साचते. शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. बंद खोलीत हे वापरताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना असे पेंट रिमूव्हर विकायलाच बंदी घातली. आणि हो, कोविडच्या वेळचा उरलेला एन-९५ मास्क इथे काही कामाचा नाही. तो धूळ अडवतो, वाफ नाही. निळे नायट्राईलचे हातमोजेही यापुढे काही मिनिटंच टिकतात.

तिसरं, सँड ब्लास्टिंग. वर्कशॉपमध्ये करून मिळतं, दिसतं पण सुंदर. पण इंजिनच्या कव्हरमध्ये ऑइल जायचे बारीक मार्ग असतात. त्यात वाळूचे कण अडकले आणि तसेच राहिले, की गाडी सुरू केल्यावर ते ऑइलसोबत थेट बेअरिंगमध्ये. म्हणजे ही पद्धत इंजिन खाते. ब्लास्टिंग करायचंच असेल तर ऑइलचा संबंध नसलेल्या कव्हरचं करा.

मग करायचं कसं?

सुरुवात छोट्या भागापासून करा. बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या स्प्रॉकेटवर एक वेगळं कव्हर असतं. त्यामागे ऑइल नसतं, गॅस्केट नसतं, निघतंही पटकन. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर हात घालू नका. क्लच कव्हर नंतर. ते काढायच्या आधी ऑइल काढावं लागतं आणि बसवताना नवं गॅस्केट लागतं.

स्क्रूबद्दल एक गोष्ट. जुन्या जपानी धाटणीच्या गाड्यांना कव्हरवर चौफुलीचे स्क्रू असतात. ते आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांचा खाचा जपानी मापाचा असतो. साधा स्क्रूड्रायव्हर त्यातून वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी मापाचा बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. बोल्टची लांबी वेगवेगळी असते. आखूड भोकात लांब बोल्ट गेला तर कव्हर तरी फुटेल नाहीतर आटे जातील.

आता धुलाई. घासायच्या आधी ग्रीस काढायचं, हा क्रम महत्त्वाचा. तेलकट धातूवर पॉलिश पेपर घासला की तेल त्या ओरखड्यांमध्ये आणखी दाबलं जातं. रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश, मग भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी. पेट्रोल नको. एका ठिणगीचा प्रश्न असतो.

मग एक छोटी चाचणी. कापसावर थोडं एनसी थिनर घ्या आणि रंगावर अर्धा मिनिट दाबून ठेवा. रंग कापसावर आला तर तो साधा रंग आहे, नशीबवान आहात, थिनर आणि कापडानेच बराचसा निघेल. नाही आला तर तो भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर घालून मारलेला आहे. त्याला रिमूव्हर लागेल.

बेंझाईल अल्कोहोलवर चालणारे रिमूव्हर मिळतात. ते हळू काम करतात. जाडसर थर लावा, वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा म्हणजे सुकत नाही आणि काही तास विसरून जा. जेवून या, मॅच बघा. मग फुगलेला रंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. कोपऱ्यांसाठी नायलॉनचा किंवा पितळी ब्रश. लोखंडी तारेचा ब्रश नको, कारण त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके येतात. हे रिमूव्हर तुलनेने सौम्य असलं तरी गच्ची किंवा मोकळं अंगण, चष्मा आणि हातमोजे हवेतच. वाफेपासून नाक वाचवायचं तर ऑरगॅनिक व्हेपर लिहिलेली काडतुसं असलेला मास्क घ्या. निघालेला लगदा मोरीत सोडू नका.

रंग निघाल्यावर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतील. २२० नंबरचा वॉटर पेपर, मग ३२०, शेवटी ४००. पाण्यात भिजवून घासा, कारण ॲल्युमिनियमची कोरडी धूळ पेट घेऊ शकते. ग्राइंडरने लोखंड घासता त्याच जागी तर अजिबात नको. आणि ४०० च्या पुढे जाऊ नका. आरशासारखं चकचकीत झालं तर रंगाला धरायला काही उरत नाही. जिथे गॅस्केट बसतं त्या कडेला पेपर लावायचाच नाही. तिथे केसभर खोलगट झालं तरी ऑइल गळणार.

पाण्याची परीक्षा

मला सगळ्यात आवडणारी पायरी ही. कव्हर स्वच्छ झालंय असं वाटलं, की त्यावर साधं पाणी ओता. पाणी सलग पातळ थरासारखं पसरलं तर धातू स्वच्छ आहे. कमळाच्या पानावर जमतात तसे थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. परत धुवा. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. कव्हर कडक उन्हात तापवलं की ते घामासारखं बाहेर येतं. पुसा, धुवा, परत परीक्षा.

पास झाल्यावर मास्किंग करा. गॅस्केटची कड, आटे, बेअरिंगच्या जागा, ऑइलचे मार्ग आणि बोल्टचं डोकं जिथे टेकतं ती जागा, सगळं टेपने झाका. बोल्टखाली रंग राहिला तर तो तापून दबतो आणि बोल्ट ढिला होतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचं पुसा आणि नंतर उघड्या बोटाने हात लावू नका. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साईडचा थर लगेच धरायला लागतो, त्यामुळे घासणं आणि पहिला हात त्याच दिवशी.

कोणता रंग?

इथे एक सापळा आहे. दुकानदार म्हणतो, "हा घ्या, ६०० डिग्रीचा." ऐकायला भारी. पण तो सायलेन्सरचा रंग आहे. त्याला पक्कं व्हायला खूप जास्त उष्णता लागते आणि इंजिनची बाजूची कव्हरं तेवढी तापतच नाहीत. मग तो कच्चाच राहतो, नखाने निघतो, पेट्रोल सांडलं की विरघळतो. कव्हरसाठी इंजिन इनॅमल घ्या. आधी एच प्रायमरचा एक पातळ हात. पण रंगाच्या डब्यावर "प्रायमर नको" लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. आणि सिलिंडरच्या पंख्यांवर साधा प्रायमर मारू नका, तिथे तापमान जास्त असतं.

"रंग मारला की इंजिन तापतं" असंही ऐकलं असेल. पातळ थराने तसं होत नाही. उलट चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमपेक्षा काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर टाकतो. मातीने भरलेले पंखे हा खरा शत्रू.

डबा २०-२५ सेंटिमीटर लांब धरा. पहिला हात इतका हलका की धातू दिसत राहावा. दहा मिनिटं थांबा, मग दुसरा, मग तिसरा. पावसाळ्यात नको. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा सीझन.

मग भाजणं. डब्यावर जे तापमान आणि वेळ दिली असेल तीच पाळा. बऱ्याच इंजिन इनॅमलला १०० अंशांच्या आसपास पुरतं. पण स्वयंपाकघरातला ओव्हन वापरायचा नाही. त्या वाफा नंतर तुमच्या केकमध्ये नकोत. भंगारातून जुना ओटीजी आणा, गच्चीतच ठेवा.

बसवताना नवं गॅस्केट घाला आणि बोल्ट आडवे-तिरपे थोडे थोडे आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. क्लच कव्हर उघडलं असेल तर ऑइल भरल्याशिवाय किकला पाय लावू नका.

शेवटचं सांगतो. हार्डनर घालायचा टू-के रंग घरी मारायच्या भानगडीत पडू नका. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा लागू शकतो. तेवढा टिकाऊ फिनिश हवाच असेल तर सोललेलं, पाण्याची परीक्षा पास झालेलं कव्हर चांगल्या पेंटरकडे किंवा पावडर कोटिंगवाल्याकडे द्या. अर्धंअधिक काम तुम्ही केलेलंच आहे आणि ते किती नीट केलंय हे तुम्हालाच माहीत आहे. बाहेर दिलं तर नेमकं तेच घाईत होतं, कारण गिऱ्हाईक फक्त वरचा रंग बघतं.

तर या रविवारी एकच छोटं कव्हर काढा. रंगाचा डबा अजून आणूच नका. फक्त सोला, घासा आणि पाणी ओतून बघा. पाणी कसं पसरतं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. हेल्मेट घाला, नीट चालवा!