मोफत वीज आणि राज्याचा कोश



कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली. कोश हे त्यांपैकी एक. तो क्षीण झाला की उरलेली अंगेही दुबळी होतात.

२००४ साली विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर तत्कालीन काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी शासनाने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. सत्ता पुन्हा हाती आल्यावर २००५ मध्ये तीच सवलत काढून घेतली. विजेची तूट मात्र राहिलीच. पुढील काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन सोसले.

त्याच सुमारास गुजरातने निराळी वाट धरली. २००३ मध्ये सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेने शेतीचे आणि गावठाणाचे फीडर वेगळे केले. गावाला चोवीस तास वीज मिळू लागली. शेतीला ठरावीक तास, पण पुऱ्या दाबाची. शेतकऱ्याची सवलत तेथेही राहिली, परंतु तिला मर्यादा आली.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी पुन्हा मोफत वीज जाहीर झाली. या वेळी शासन स्वकीयांचे होते, म्हणून कसोटी बदलत नाही. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीवर खर्चलेला रुपया मागे प्रकल्प ठेवून जातो. देयक माफ करण्यात गेलेला रुपया पुढील वर्षी पुन्हा उभा करावा लागतो.

स्वाभिमानी शेतकऱ्याची मागणी दिवसा, पुऱ्या दाबाच्या विजेची आहे. ती पूर्ण करण्याचा आग्रह स्वकीयांकडे धरणे, हेही कार्यकर्त्याचे कर्तव्यच होय.